पटावरची खांदेरी

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील लढायांची कारणे, त्यांत दिसलेले शौर्य आणि त्यांचे परिणाम यांचा मराठीत पुष्कळ ऊहापोह झाला आहे. परंतु एखादे गलबत वल्ह्यांच्या जोरावर तासाभरात किती पाणी कापत होते, तोड्याची बंदूक एकदा झाडल्यावर पुन्हा भरून होईपर्यंत समोरचा घोडेस्वार किती जवळ येऊन ठेपत होता किंवा ओहोटीच्या वेळी जड तोफा चढवलेले जहाज किनाऱ्यापासून किती दूर थांबत होते, हे प्रश्न बहुधा तज्ज्ञांच्या तळटीपांतच राहिले. हे प्रश्न टाळून ज्याला एक चालही पुढे जाता येत नाही असा एक छंद जगात आहे, तो म्हणजे युद्धखेळ. ठरावीक प्रमाणात आखलेल्या पटावर सैनिकांच्या, घोड्यांच्या आणि जहाजांच्या लहान प्रतिकृती मांडायच्या, त्यांची चाल, मारा आणि मनोधैर्य यांचे नियम आधी लिहून काढायचे, अनिश्चिततेसाठी फासे टाकायचे, आणि मग एखादी ऐतिहासिक लढाई दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष लढून पाहायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात हा छंद अजून थोड्यांचा आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासाला त्याचा गंभीर उपयोग आहे, आणि उरणच्या मोरा बंदरासमोरच्या समुद्राइतके त्याला योग्य क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल, असे येथे मांडायचे आहे.

या खेळाचा उगम करमणुकीत नव्हे, तर लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील गेओर्ग हाइनरिख फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने वडिलांनी तयार केलेल्या खेळात सुधारणा करून १८२४ मध्ये नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात खऱ्या भूप्रदेशाचा नकाशा १:८००० या प्रमाणात वापरला जाई, एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ धरला जाई, आणि दोन्ही पक्षांना काय दिसते व काय दिसत नाही हे पंच ठरवत असे. खेळाडूला पट पूर्ण दिसत नाही, शत्रूचे स्थान त्याला अंदाजाने ओळखावे लागते, हा या खेळाचा बुद्धिबळाहून मूलभूत वेगळेपणा आहे. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांसाठी साधे नियम लिहिले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये या छंदाची रीतसर परंपरा उभी राहिली. प्राचीन, मध्ययुगीन, नेपोलियनकालीन अशी त्यात कालखंडांची वाटणी झाली, आणि साधारण १४५० ते १७०० या काळाला 'रेनेसाँ' असे नाव पडले. जॉर्ज गश यांचे १४८० ते १६५० या काळातील सैन्यांवरचे पुस्तक १९७५ मध्ये आले, आणि अशा पुस्तकांतून खेळाडूंना प्रत्येक सैन्याची रचना, पोशाख व शस्त्रे यांची माहिती मिळू लागली.

या कालखंडाचे नियम ज्या लढायांवरून घडले त्या इटलीच्या भूमीवरच्या आहेत. १५०३ ची चेरिन्योला आणि १५२५ ची पाव्हिया या लढायांत लांब भाल्यांचे घट्ट चौकोन आणि त्यांच्या आसऱ्याने बंदुका झाडणारे पायदळ यांनी जड चिलखती घोडदळाचे वर्चस्व मोडले. म्हणून नियमांत भालाइतांचा चौकोन हे मूळ एकक ठरले, बाकी सर्व सैन्ये त्याच्या तुलनेत मोजली जाऊ लागली, आणि हिंदुस्थानातील सैन्ये यादीच्या शेवटी येऊ लागली. ही मांडणी इतिहासाला धरून नाही. रायचूरच्या १५२० च्या वेढ्यात कृष्णदेवरायाच्या बाजूने ख्रिस्तोव्हाँव द फिगेरेदो हा पोर्तुगीज मूठभर बंदूकधारी घेऊन उतरला होता, आणि तटावर डोके वर काढणाऱ्या रक्षकांना त्यांनी नेमके टिपल्यामुळे तटाच्या पायथ्याशी काम करणाऱ्यांना मोकळीक मिळाली, असे फेर्नांव नुनिश या पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या वृत्तांतावरून कळते. ही घटना पाव्हियाच्या पाच वर्षे आधीची आहे. विजापूरच्या बुरुजावर आज असलेली 'मुलूख-ए-मैदान' तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. त्याच्या नावातील 'रूमी' तुर्कस्तानाशी नाते सांगतो, आणि १५६५ च्या तालिकोटच्या रणात निजामशाहीचा तोफखाना सांभाळणाराही रूमी खानच होता. अशा तऱ्हेने इस्तंबूल, लिस्बन, अहमदनगर आणि हंपी ही एकाच दारूगोळ्याच्या जगाची ठाणी होती. त्या जगात दख्खनची सैन्ये परिशिष्टात टाकण्याजोगी नव्हती.

तालिकोटचेच उदाहरण आणखी एका कारणाने घ्यावेसे वाटते. या रणातील सैन्यांच्या संख्या जुन्या ग्रंथांत लाखांच्या पटीत येतात आणि वाचक त्या सवयीने स्वीकारतो. पटावर सैन्य मांडणाऱ्याला मात्र लगेच विचारावे लागते की एवढे सैन्य रस्त्याने आले कसे. एक लाख घोडेस्वार चार-चारच्या रांगेने चालले आणि प्रत्येक रांगेला पुढच्या रांगेपासून तीन मीटर जागा दिली, तरी रांगा पंचवीस हजार होतात आणि फौजेची लांबी पंच्याहत्तर किलोमीटर भरते. म्हणजे आघाडी मुक्कामाला पोहोचली तरी पिछाडी दोन-तीन मजलांमागे राहते. यात बैल, तोफांचे गाडे, बाजारबुणगे आणि दाणावैरण धरलेलीच नाही. अशा हिशेबाने एखादी संख्या खोटी ठरते असे नाही, कारण फौज अनेक वाटांनी येऊ शकते आणि आकड्यात बिनलढाऊ माणसेही असू शकतात. पण वाचणाऱ्याला ती संख्या तपासावी लागते. बखरींनी व तवारिखांनी दिलेल्या आकड्यांची अशी झाडाझडती घेण्याची सवय हा छंद आपोआप लावतो.

महाराष्ट्रापाशी या छंदाची अर्धी सामग्री पूर्वीपासून आहे. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांवर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते, आणि पायऱ्यांवर, बुरुजांवर भाला घेतलेले, तोफ डागणारे, पहारा देणारे मातीचे मावळे ठेवले जातात. लहान मुलांना तट, माची, बालेकिल्ला, चोरदिंडी हे शब्द पुस्तकाआधी या मातीतून कळतात, आणि दुर्गांचे प्रेम पिढ्यान्‌पिढ्या टिकण्यात या किल्ल्यांचा वाटा मोठा आहे. परंतु हा देखावा आहे, आणि देखाव्यात मावळा जेथे ठेवला तेथेच राहतो. शत्रू कोठून येणार, पाण्याचे टाके किती दिवस पुरणार, दरवाजावरची तोफ वळणाच्या पलीकडे मारा करू शकते की नाही, हे त्या किल्ल्याला विचारता येत नाही. याच किल्ल्याला प्रमाण दिले, एक मावळा म्हणजे वीस माणसे असे ठरवले (१९७० च्या दशकातील इंग्रजी नियमांत हेच प्रमाण रूढ होते), आणि दुसऱ्या मुलाला वेढा घालणाऱ्याच्या बाजूने बसवले, तर त्याच मातीतून अभ्यासाचे साधन तयार होते. एवढी जवळची परंपरा असताना मराठी मुलाने हा खेळ केवळ परदेशी संच विकत घेऊन आणि परदेशी चौकोन रंगवून शिकावा, ही खेदाची गोष्ट आहे.

परदेशी नियम जसेच्या तसे उचलण्यातली मोठी अडचण मात्र भालाइतांच्या चौकोनाची नाही. ती समान गुणांच्या कल्पनेत आहे. बहुतेक नियमपुस्तकांत प्रत्येक तुकडीला काही गुण दिलेले असतात आणि दोन्ही खेळाडूंनी सारख्याच गुणांचे सैन्य घेऊन सपाट पटावर समोरासमोर यायचे असते. करमणुकीसाठी हे न्याय्य असले तरी दख्खनचे युद्धशास्त्र नेमके या समानतेला नकार देण्यावर उभे होते. १६२४ मध्ये भातवडी येथे निजामशाहीच्या मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे उभे ठाकण्यापूर्वी तलावाचे पाणी सोडून रणभूमीचा चिखल केला, शत्रूची रसद तोडली, त्याला भुकेने आणि रात्रीच्या छाप्यांनी झिजवले, आणि मगच लढाई दिली. ज्या नियमांत जमीन डावाच्या सुरुवातीला ठरते आणि शेवटपर्यंत तशीच राहते, त्या नियमांत भातवडी खेळताच येत नाही. गनिमी काव्याला 'चपळ घोडदळ' असे नाव देऊन दोन गुण वाढवले म्हणजे काम भागते, असा समज असलेल्या याद्याही आहेत. त्यांत काव्याचा मुख्य भाग, म्हणजे लढाई कधी द्यायची नाही हे ठरवण्याचा अधिकार, हरवून जातो.

मोरा बंदरासमोरचा समुद्र या खेळाला योग्य का, हा प्रश्न येथे येतो. उरण तालुक्यातले हे बंदर भाऊच्या धक्क्याहून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे, आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याला लागू शकत नाही म्हणून फेऱ्या थांबवाव्या लागतात, हा तेथल्या प्रवाशांचा नेहमीचा अनुभव आहे. यंत्रावर चालणाऱ्या नौकेला आज जे पाणी अडवते ते सतराव्या शतकात शिडाच्या जहाजाला किती अडवत असेल, याचे उत्तर मोऱ्याच्या धक्क्यावरचे वेळापत्रकच देते. उरणच्या भूमीच्या दक्षिण अंगाला करंजा आहे, त्याच्या समोर रेवस, आणि या दोहोंमधून धरमतरची खाडी आत शिरून अंबा नदीच्या वाटेने नागोठण्याकडे जाते. रेवसच्या खाली किनाऱ्याने गेले की थळ, आणि थळच्या समोर समुद्रात उंदेरी व खांदेरी ही बेटे. १६७९ मध्ये या छोट्या टापूत मुंबई इंग्रज कंपनीची होती, करंजा पोर्तुगिजांचा होता, नागोठणे व थळचा किनारा शिवाजी महाराजांचा होता, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार मोगलांच्या पाठबळावर मुंबईच्या बंदरात पावसाळा काढून समोरच्या किनाऱ्यावर धाडी घालत होते. चार सत्ता एकाच भरतीवर अवलंबून होत्या.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांचा मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट बांधू लागला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे होऊ देणे इंग्रजांना परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी बेटाला वेढा घालण्यासाठी जहाजे पाठवली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. नंतर 'रिव्हेंज' ही फ्रिगेट, म्हणजे तोफांनी सज्ज असे शिडाचे लढाऊ जहाज, आणि तिच्याबरोबर गुराबा, शिबाडे व मचवे अशी लहान जहाजे मिळून आठांच्या आसपास ताफा तेथे राहिला. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, नाळेवरून पुढे तोफ डागणारे उथळ तळाचे जहाज. गलबत त्याहून लहान आणि वल्ह्यांवर चालणारे. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालचे पन्नासच्या आसपास नौकांचे मराठी आरमार इंग्रजांवर चालून आले. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' या गुराबेने शरणागती पत्करली, इतर लहान जहाजे पळाली, आणि कॅप्टन मिंचिन व केग्विन यांची 'रिव्हेंज' एकटी उरली. तिने तोफांचा असा मारा केला की मराठी आरमाराला मागे फिरावे लागले, आणि नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत तिने पाठलाग केला. इंग्रज लेखक हा आपला पराक्रम म्हणून सांगतात. मराठी लेखक खांदेरी मराठ्यांकडेच राहिली याकडे बोट दाखवतात. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी कशी हे पटावर सर्वांत स्वच्छ दिसते.

समजा, पटावरचा एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर आणि एक डाव म्हणजे पंधरा मिनिटे असे ठरवले. खांदेरीपासून थळचा किनारा चार-पाच किलोमीटर, म्हणजे पटावर साधारण एक मीटर. सामान्य जेवणाच्या मेजावर हे सर्व मावते. वल्ह्यांच्या गलबताला तीन नॉट वेग दिला तर ते एका डावात सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर जाईल. जहाजावरच्या तोफेचा खात्रीचा मारा तीनशे मीटर धरला, तर तो पटावर फक्त सहा सेंटिमीटर भरतो. म्हणजे एका जहाजाने दोन्ही अंगांना मिळून राखलेले पाणी बारा सेंटिमीटर, आणि आठ जहाजांचे शहाण्णव. शंभर सेंटिमीटरांच्या समुद्रावर हे पांघरूण दिवसा, वारा अनुकूल असताना आणि एकही जहाज जागेवरून हललेले नसताना जेमतेम पुरते. रात्री ते पुरत नाही, वारा पडला की पुरत नाही, आणि उथळ पाण्यात जेथे फ्रिगेट जाऊच शकत नाही तेथे ते पांघरूण मुळात नाहीच. उलट गलबताला तो बारा सेंटिमीटरांचा पट्टा ओलांडायला अर्धा डावही लागत नाही. मराठ्यांच्या होड्या रात्री दाणा आणि माणसे बेटावर पोहोचवत राहिल्या, त्याचे कारण इंग्रज खलाशांचा निष्काळजीपणा किंवा भ्याडपणा नव्हे. त्या अंतरांत आणि त्या वेगांत दुसरे काही होणे कठीण होते. तोफांच्या लढाईत 'रिव्हेंज' वरचढ असूनही वेढ्यात ती हतबल का, हे एका पट्टीने आणि एका मेजाने समजते.

त्या पहाटेविषयीही पट काही सांगू शकतो. ऑक्टोबरात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. किनाऱ्याकडून येणाऱ्या नौकांना पहाटेच वारा पाठीशी मिळतो, तेव्हा दौलतखानाने सूर्योदयाची वेळ साधली हे वाऱ्याच्या नियमाशी जुळते. भरतीचा हिशेब करायचा तर आधी एक खुबी ध्यानात घ्यावी लागते: इंग्रजांच्या त्या वेळच्या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत आणि आजच्या पंचांगासाठी त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. म्हणजे ती २८ ऑक्टोबरची पहाट होती, आणि चंद्राचे गणित मागे नेले तर दिवाळीची अमावास्या तेव्हा जेमतेम आठवड्यावर आली होती. कोळ्यांच्या भाषेत हे दिवस भांगाचे, उधाणाचे नव्हेत. पाण्याची चढउतार कमी आणि ओढ मंद. अर्धा चंद्र मध्यरात्री उगवून पहाटे डोक्यावर आलेला होता, म्हणजे आरमार जुळवायला उजेड होता. अशा वेळी ओहोटीने जहाज अचानक गाळात बसण्याचा धोका उधाणापेक्षा कमी, आणि 'रिव्हेंज'ला हालचालीची मोकळीक अधिक. हीच चढाई अमावास्येच्या उधाणात झाली असती तर निकाल वेगळा लागला असता का, हे सिद्ध करता येणार नाही. पण दोन्ही पाण्यांत डाव मांडून पाहता येतो, आणि तसे पाहताना पंचांग, भरतीचे कोष्टक आणि कंपनीची पत्रे एकत्र वाचावी लागतात. यासाठी लागणारी साधने मराठी वाचकाच्या हाताशी आहेत. शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध केलेला शिवाजी महाराजांसंबंधीच्या इंग्रजी पत्रांचा संग्रह, भा. कृ. आपटे यांचा मराठी आरमारावरचा १९७३ चा इंग्रजी ग्रंथ, आणि जहाजांसाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे मनास येईल तशी तोडू नयेत इथपर्यंत बारकावा असलेले रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, ही त्यांतली काही.

या सगळ्याला एक मनापासूनचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही. ज्या पुरुषाविषयी महाराष्ट्राला आदर आहे त्याच्या युद्धांचा खेळ करावा काय, आणि ज्यात खरी माणसे मेली ती गोष्ट फाशांवर न्यावी काय? पहिल्या भागाचे उत्तर असे, की खेळात दुसऱ्या बाजूलाही कोणीतरी बसावे लागते. मुंबईच्या इंग्रजांचा, सिद्दी कासमचा किंवा मोगल सरदाराचा डाव खेळणाऱ्या मुलाला त्या माणसाच्या अडचणी, त्याची आशा आणि त्याचे भय यांतून विचार करावा लागतो, आणि असा विचार केल्यावर शिवाजी महाराजांची योजकता कमी दिसत नाही, उलट तिची नेमकी उंची कळते. शत्रूला मूर्ख किंवा दुष्ट ठरवून जिंकलेल्या विजयाला उंची नसते. दुसरा भाग अधिक कठीण आहे. पटावर गलबते असतात, पण ती वल्हवणाऱ्या कोळ्या-भंडाऱ्यांची घरे नसतात. सिद्दीच्या धाडींत पकडून नेलेली माणसे, जळलेली गावे आणि पेरणीविना राहिलेली शेते यांना कोणत्याही यादीत गुण नाहीत. भातवडीचे पाणी ज्यांच्या रानांतून वाहिले त्यांचे काय झाले हे नियमपुस्तक विचारत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या युद्धाचा जो खेळ मराठीत होईल त्यात गावे आणि त्यांचा दाणा ही पटावरची प्रत्यक्ष वस्तू असली पाहिजे, आणि धाड घालणाऱ्याला तात्पुरता लाभ व पुढच्या हंगामाची टंचाई दोन्ही भोगावी लागली पाहिजेत. असा नियम घातला तर खेळ अधिक खरा होईल, कारण शिवकालीन राज्यकर्त्यांनाही याच टंचाईशी झुंजावे लागत होते.

विजय कशाला म्हणायचे हे ठरवण्यातच अशा खेळाचे सारे कौशल्य आहे. १८ ऑक्टोबरची लढाई स्वतंत्र डाव म्हणून मांडली तर 'रिव्हेंज' जिंकते आणि पट आवरला जातो. सप्टेंबर ते जानेवारी अशी मोहीम मांडली तर इंग्रजांना दर महिन्याला जहाजांचा आणि पगाराचा खर्च भरावा लागतो, नोव्हेंबरात सिद्दी मदतीला येतो पण त्याचा हेतू इंग्रजांहून वेगळा असतो, आणि खांदेरीचा तट वीत-वीत वर चढत राहतो. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी बळकावून तिच्यावर तोफा चढवल्या, इंग्रजांनी वेढा उठवला, आणि मधल्या पाण्यापलीकडून दोन बेटे एकमेकांवर गोळे टाकू लागली. तेव्हा या मोहिमेच्या पटावर दोन खेळाडू पुरत नाहीत. मराठा, इंग्रज आणि सिद्दी हे तिघे, आणि करंज्याला बसून कोणाची जहाजे आपल्या पाण्यातून जाऊ द्यायची हे ठरवणारा पोर्तुगीज हा चौथा, अशी मांडणी करावी लागते. प्रत्येकाचे विजयाचे निकष वेगळे लिहावे लागतात, आणि मायनाक भंडारीच्या बाजूने बसलेल्यासाठी तो निकष एकच असतो: जानेवारी संपेपर्यंत बेट सोडायचे नाही.